कंपायलर बदलला की बिघाड नाहीसा होतो, तेव्हा दोष कुणाचा? हार्डवेअरच्या विचित्र त्रुटींचा छडा लावण्याची पद्धत

एखादा प्रोग्रॅम एका कंपायलरने (लिहिलेल्या कोडचे यंत्राला समजणाऱ्या सूचनांत रूपांतर करणाऱ्या साधनाने) बांधला की दिवसातून दोनदा कोसळतो, आणि तोच प्रोग्रॅम दुसऱ्या कंपायलरने बांधला की आठवडाभर सुरळीत चालतो. असा अनुभव आला की बहुतेक जण पहिल्या कंपायलरवर ठपका ठेवून मोकळे होतात. काही जण याच्या उलट, त्रुटी अधूनमधून येते एवढ्यावरून रॅम खराब असल्याचे ठरवतात आणि नवी रॅम बसवतात. दोन्ही निष्कर्ष कधी बरोबर निघतात, कधी साफ चुकतात. कंपायलर बदलल्याने त्रुटी गेली हा केवळ एक धागा असतो. तो कुठे जाऊन पोहोचतो हे पायरीपायरीने तपासल्याशिवाय कळत नाही, आणि ती तपासणी कशी करावी हेच या लेखात मांडले आहे. उदाहरणे मुख्यतः लिनक्स आणि जीसीसी व क्लँग या दोन कंपायलरांची असली, तरी पद्धत कोणत्याही प्रणालीला लागू पडते.

कंपायलर बदलल्यावर नेमके काय बदलते

एकाच सोर्स कोडपासून दोन कंपायलर वेगवेगळ्या मशीन सूचना तयार करतात, हे उघड आहे. त्याखेरीज आणखी तीन गोष्टी बदलतात आणि त्यांच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. पहिली म्हणजे मेमरीतली मांडणी: कोणता व्हेरिएबल स्टॅकवर कुठे बसला, कोणते फंक्शन कोणत्या पत्त्यावर गेले. एखादा प्रोग्रॅम ॲरेच्या हद्दीबाहेर चार बाइट लिहीत असेल, तर एका मांडणीत ते चार बाइट रिकाम्या जागेत पडतात आणि दुसऱ्या मांडणीत रिटर्न पत्त्यावर. दुसरी गोष्ट म्हणजे वेळेचे गणित. एक थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधले समांतर चालणारे एक काम, काही नॅनोसेकंद लवकर पोहोचला, तर वर्षानुवर्षे झाकून राहिलेली रेस कंडिशन (कोण आधी पोहोचतो यावर निकाल ठरण्याची चूक) उघडी पडते. तिसरी गोष्ट म्हणजे हार्डवेअरवरचा प्रत्यक्ष भार. ‘ओ-३’ (भरपूर ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करणे) आणि ‘मार्च-नेटिव्ह’ (याच प्रोसेसरसाठी खास कोड) असे पर्याय दिले, तर कंपायलर साध्या लूपचे रूपांतर एव्हीएक्स-२ किंवा एव्हीएक्स-५१२ या रुंद वेक्टर सूचनांमध्ये करू शकतो. अशा सूचना सतत चालल्या की प्रोसेसर जास्त विद्युतप्रवाह ओढतो, जास्त तापतो आणि त्याला मिळणारा व्होल्टेज क्षणभर खाली येतो. काठावर चालणारा ओव्हरक्लॉक (मर्यादेपेक्षा वाढवलेला वेग) किंवा थकलेला वीजपुरवठा नेमका तेव्हा दगा देतो. इथे कंपायलरची काहीच चूक नसते, पण कंपायलर बदलला की लक्षण मात्र जाते.

म्हणून संशयित चार आहेत: आपला स्वतःचा कोड, कंपायलर, बिघडलेले किंवा काठावर चालणारे हार्डवेअर, आणि प्रोसेसरच्या रचनेतच राहून गेलेला दोष. हा चौथा संशयित दुर्मीळ असला तरी काल्पनिक नाही.

काहीही बदलण्याआधी

त्रुटी दिसली की हात लगेच सेटिंगकडे जातो, तो आवरावा. आधी कोसळलेला मूळ बायनरी (बांधून तयार झालेला प्रोग्रॅम) आणि त्याची कोअर फाइल (कोसळतानाच्या मेमरीची नोंद) बाजूला जपून ठेवावी, कारण पुन्हा बांधलेला बायनरी तसाच निघेल याची खात्री नसते. कंपायलरची पूर्ण आवृत्ती, दिलेले सगळे पर्याय, लिंकर आणि सी लायब्ररी यांच्या आवृत्त्या, कर्नलची आवृत्ती, बायॉसची आवृत्ती, प्रोसेसरचे मॉडेल व स्टेपिंग (त्या चिपची आवृत्ती) आणि मायक्रोकोडचा (प्रोसेसरच्या आतल्या, अद्ययावत करता येणाऱ्या कोडचा) क्रमांक टिपून ठेवावा. लिनक्सवर मायक्रोकोडचा क्रमांक ‘प्रॉक’ डिरेक्टरीतल्या ‘सीपीयूइन्फो’ या फाइलमध्ये मिळतो. बायॉसमध्ये ओव्हरक्लॉक, मेमरीचे एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल, व्होल्टेज कमी करण्याची सेटिंग यांपैकी काही चालू आहे का, हेही पाहावे. मेमरीच्या पाकिटावर छापलेला वेग पुष्कळदा अशा प्रोफाइलमुळेच मिळतो आणि तो प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरसाठी अधिकृत मर्यादेपेक्षा जास्त असू शकतो. ‘मी ओव्हरक्लॉक केलेले नाही’ असे मनापासून सांगणाऱ्यांच्या यंत्रातही हे प्रोफाइल चालू सापडते.

पहिली पायरी: त्रुटी किती वेळा येते ते मोजणे

ही पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते, आणि बहुतेक चुकीचे निदान इथेच होते. समजा, प्रोग्रॅम सरासरी वीस वेळा चालवल्यावर एकदा कोसळतो. कंपायलर बदलला, वीस वेळा चालवून पाहिले, एकदाही कोसळला नाही, आणि प्रश्न सुटला असे जाहीर केले. आता हिशेब करून पाहावा. काहीही दुरुस्त झालेले नसतानासुद्धा सलग वीस फेऱ्या निर्विघ्न पार पडण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ३६ टक्के असते. तीनातला एक निष्कर्ष निव्वळ नशिबावर उभा राहिला! ही शक्यता ५ टक्क्यांच्या खाली आणायची असेल तर ५९ फेऱ्या निर्दोष जाव्या लागतात आणि १ टक्क्याच्या खाली आणायची असेल तर ९०. लक्षात ठेवायला सोपा नियम असा की त्रुटी जितक्या फेऱ्यांत सरासरी एकदा येते, त्याच्या किमान तिप्पट फेऱ्या निर्दोष झाल्याशिवाय ‘गेली’ हा शब्द वापरू नये. शंभरात एकदा येणाऱ्या त्रुटीसाठी हा आकडा ३०० होतो.

त्यामुळे पहिले काम म्हणजे त्रुटी आपोआप पुन्हापुन्हा घडवून आणणारी छोटी स्क्रिप्ट लिहिणे. तिने प्रत्येक फेरीची वेळ, निकाल, कोसळल्याचा सिग्नल, प्रोसेसरचे तापमान आणि शक्य असल्यास कोणत्या कोअरवर काम चालले होते ते नोंदवावे. रात्रभर चालवून सकाळी हाती आलेला आकडा हा पुढच्या प्रत्येक प्रयोगाचा पाया असतो. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बायॉस अद्ययावत करणे, कंपायलर बदलणे आणि मेमरीचा वेग कमी करणे ही तिन्ही कामे एकाच दुपारी उरकली, तर त्रुटी जाईल कदाचित, पण ती कशामुळे गेली हे कधीच कळणार नाही.

दुसरी पायरी: त्रुटीची जागा हलते का?

मोठा प्रकल्प बांधताना कंपायलरच ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ देऊन कोसळला, म्हणजे सिग्नल ११ आला, तर काय समजावे याचा एक जुना आणि अजूनही उपयोगी ठोकताळा आहे. बांधणी पुन्हा सुरू केल्यावर ती त्याच फाइलच्या त्याच ओळीवर अडत असेल तर कंपायलरचा दोष संभवतो. दर वेळी वेगळ्या फाइलवर अडत असेल तर हार्डवेअरवर संशय घ्यावा. कंपायलर हा स्वभावतः नियत प्रोग्रॅम आहे. तोच इनपुट दिला तर त्याने तोच आउटपुट द्यायला हवा. शिवाय तो मेमरीत लाखो पॉइंटर जोडत जातो, आणि त्यांतल्या एकाचा एक बिट उलटला तरी तो कोसळतो. म्हणूनच कर्नलची किंवा कंपायलरचीच समांतर बांधणी हा नकळत घेतलेला एक कठोर हार्डवेअर चाचणीचा प्रकार ठरतो. २०१७ मध्ये सुरुवातीच्या काही रायझन प्रोसेसरांतला दोष लिनक्सवरच्या अशाच समांतर बांधण्यांत सेगमेंटेशन फॉल्टच्या रूपाने समोर आला, आणि एएमडीने ग्राहकांना प्रोसेसर बदलून दिले. जीसीसीमध्ये ‘रिपोर्ट-बग’ हा पर्याय आहे. तो चालू असेल तर कंपायलर आतून कोसळल्यावर तीच आज्ञा पुन्हा चालवून पाहतो, आणि दोष पुन्हा दिसला नाही तर तो बहुधा हार्डवेअरचा किंवा ऑपरेटिंग सिस्टिमचा असावा, असे स्वतःच कळवतो.

मात्र या ठोकताळ्याला दोन अपवाद आहेत आणि ते दोन्ही दिशांनी फसवतात. पहिला अपवाद मी स्वतः भोगलेला आहे, म्हणून तो थोडा जवळून सांगतो. माझ्या एका यंत्रावर जीसीसीने बांधणी करताना एकाच ठिकाणी, एकाच ओळीवर, सलग तीन वेळा त्रुटी आली: अनोळखी नाव सापडले आहे. क्लँगने तोच प्रकल्प विनातक्रार बांधला. त्रुटी हलत नाही आणि दुसरा कंपायलर नीट चालतो, म्हणजे दोष जीसीसीचाच, असे मी ठरवूनही टाकले होते. मग त्रुटीतले नाव अक्षर-अक्षर वाचले. वेक्टर सूचनांच्या हेडर फाइलमधल्या ‘बिल्टइन’ या इंग्रजी शब्दाचे शेवटचे अक्षर ‘एन’च्या जागी ‘एल’ झाले होते. आस्की संकेतात ‘एन’ म्हणजे ११० आणि ‘एल’ म्हणजे १०८. दोघांत फक्त एका बिटाचा फरक. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर पाहिले तर डिस्कवरची फाइल शुद्ध होती. लिनक्स एकदा वाचलेली फाइल मेमरीतल्या पेज कॅशमध्ये ठेवतो. तिथल्या प्रतीतला एक बिट उलटला होता, आणि प्रत्येक प्रयत्नात कंपायलर तीच बिघडलेली प्रत वाचत होता. क्लँगची त्या कामाची हेडर फाइल स्वतंत्र असते, त्यामुळे त्याला काहीच जाणवले नाही. पुढे मेमरीच्या लांब चाचणीत एक पट्टी सदोष निघाली. तेव्हापासून ‘त्रुटी एकाच जागी येते’ असे म्हणण्याआधी मी पेज कॅश रिकामा करतो किंवा यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा चालू करतो, आणि ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

दुसरा अपवाद उलट बाजूचा आहे: हार्डवेअरचा दोषही अगदी नियत असू शकतो. १९९४ मध्ये उजेडात आलेला पेंटियम प्रोसेसरचा भागाकाराचा दोष हे त्याचे ठळक उदाहरण होय. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागावे, आलेल्या उत्तराला पुन्हा ३१४५७२७ ने गुणावे आणि गुणाकार मूळ संख्येतून वजा करावा; उत्तर शून्य यायला हवे, पण सदोष पेंटियमवर ते २५६ येत असे, आणि दर वेळी २५६ च येत असे. भागाकाराच्या तक्त्यातल्या काही नोंदी गाळल्या गेल्याचा तो परिणाम होता. अशा दोषाला वळसा घालणारा कोड कंपायलर तयार करू शकतो, आणि त्या काळी काही कंपायलरांनी तशी सोय दिलीही होती. म्हणजे एका कंपायलरने बांधलेला प्रोग्रॅम चुकायचा आणि दुसऱ्याने बांधलेला चुकायचा नाही, तरीही दोष प्रोसेसरचाच होता.

बिट उलटला आहे का, हे कोअर फाइलमधूनही तपासता येते. अपेक्षित मूल्य आणि मिळालेले मूल्य यांचा ‘एक्सऑर’, म्हणजे बिटागणिक फरक, काढावा. तो दोनाचा पूर्ण घात असेल, तर नेमका एकच बिट बदललेला आहे. उदाहरणार्थ, ७२८ च्या जागी १७५२ मिळाले तर एक्सऑर १०२४ येतो: एकच बिट. पण ७२८ च्या जागी १२४० मिळाले तर वजाबाकी ५१२ आली तरी एक्सऑर १५३६ येतो, म्हणजे दोन बिट बदललेले आहेत. त्यामुळे वजाबाकीवर विसंबू नये. एक बिट बदललेला आढळला म्हणून हार्डवेअर दोषी सिद्ध होते असेही नाही, कारण प्रोग्रॅममधली एखादी ध्वज-खूण चुकीच्या पत्त्यावर लिहिली गेली तरी असेच दिसते. मात्र असंबंधित ठिकाणी, असंबंधित प्रोग्रॅममध्ये वारंवार एक बिट बदललेला सापडला, तर मेमरीची चाचणी पुढे ढकलू नये.

तिसरी पायरी: यंत्राची साक्ष आणि यंत्राची परीक्षा

प्रोसेसर स्वतःला जाणवलेल्या चुका नोंदवतो. लिनक्सवर कर्नलच्या लॉगमध्ये ‘मशीन चेक’ किंवा ‘हार्डवेअर एरर’ असे शब्द शोधावेत आणि ‘रासडिमन’ ही सेवा बसवावी. विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीआ-लॉगर’ या स्रोताच्या नोंदी पाहाव्यात. ईसीसी मेमरी (चुका ओळखून दुरुस्त करणारी) असेल तर दुरुस्त केलेल्या एकेरी चुकांची संख्याही मिळते, आणि ती वाढत असेल तर पुढे काय होणार ते दिसतेच. ईसीसी नसलेल्या यंत्रात लॉग कोरा असणे हा निर्दोषपणाचा पुरावा नाही. डीडीआर-५ मेमरीच्या चिपमध्येच एक अंतर्गत ईसीसी असते खरी, पण ती चिपच्या आतल्या पेशींपुरती असते. मेमरी आणि प्रोसेसर यांच्यामधल्या मार्गावर होणाऱ्या चुका तिला दिसत नाहीत.

त्यानंतर सगळ्या सेटिंग उत्पादकाच्या मूळ मर्यादेत आणाव्यात: ओव्हरक्लॉक बंद, मेमरी प्रोफाइल बंद, व्होल्टेजमधले फेरफार रद्द. मग पहिल्या पायरीतली स्क्रिप्ट तितक्याच फेऱ्या चालवावी. त्रुटी गेली तर पुढचे निम्मे काम वाचले. राहिली तर मेमटेस्ट-८६-प्लस किमान एक पूर्ण रात्र चालवावे. एका फेरीत काही सापडले नाही म्हणून थांबू नये. हे साधन मेमरी तपासते, पण प्रोसेसरच्या वेक्टर एककांवर पूर्ण भार टाकत नाही. त्यासाठी प्राइम-९५ किंवा त्याची लिनक्स आवृत्ती एमप्राइम वापरावी, कारण ती गणिताचे उत्तर ताडून पाहते. स्ट्रेस-एनजी वापरायचे असल्यास पडताळणीचा पर्याय चालू ठेवावा, नाहीतर ते केवळ यंत्र तापवते.

माझ्या मते सर्वांत चांगली चाचणी मात्र आपल्या हातातच असते: तीच फाइल त्याच कंपायलरने शंभर वेळा कंपाइल करून प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलचा (कंपाइल होऊन निघालेल्या फाइलचा) शा-२५६ हॅश, म्हणजे मजकुराचा संख्यारूप ठसा, काढावा. सगळे शंभर हॅश एकसारखे यायला हवेत. कोडमध्ये तारीख-वेळ टाकणारे मॅक्रो असतील तर ते आधी स्थिर करावेत. एकही हॅश वेगळा निघाला, तर आपल्या प्रोग्रॅमचा या प्रकरणाशी संबंध संपला, कारण तो अजून चाललेलाच नाही.

२०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांबाबत जे घडले, ते या पायरीच्या संदर्भात जाणून घेण्यासारखे आहे. जास्त व्होल्टेजमुळे चिपची झीज होऊन स्थिर राहण्यासाठी लागणारा किमान व्होल्टेज वाढत गेला. परिणामी खेळ कोसळू लागले, संकुचित फाइली उलगडताना चुका येऊ लागल्या आणि काही वेळा ग्राफिक्सची मेमरी संपल्याचे दिशाभूल करणारे संदेश दिसू लागले. इंटेलने मायक्रोकोड सुधारला आणि वॉरंटीची मुदत वाढवली, पण आधीच झिजलेली चिप मायक्रोकोडने पूर्ववत होत नाही. अशी चिप बदलावीच लागते.

चौथी पायरी: दोन बायनरी, दोन यंत्रे

या पायरीत बहुतेक जण एक चूक करतात: दुसऱ्या यंत्रावर सोर्स कोड नेऊन तिथे पुन्हा बांधतात. तसे केल्यास बायनरी आणि यंत्र दोन्ही एकदम बदलतात आणि प्रयोग वाया जातो. बांधलेला बायनरीच उचलून न्यावा. कोसळणारा बायनरी आणि न कोसळणारा बायनरी असे दोन घ्यावेत, यंत्रेही दोन घ्यावीत आणि चारही जोड्या पुरेशा फेऱ्यांनी तपासाव्यात. लायब्ररींतल्या फरकांचा गोंधळ टाळण्यासाठी स्टॅटिक लिंकिंग करावे (लायब्ररी बायनरीतच सामावून घ्याव्यात) किंवा दोन्हीकडे एकच कंटेनर वापरावा.

दोन्ही बायनरी एकाच यंत्रावर कोसळत असतील आणि दुसऱ्यावर नसतील, तर ते यंत्रच बिघडलेले आहे. एक बायनरी दोन्ही यंत्रांवर कोसळत असेल, तर आपला कोड किंवा कंपायलर यांच्याकडे वळावे. एकच बायनरी एकाच यंत्रावर कोसळत असेल, तर ही सर्वांत अवघड आणि सर्वांत रंजक अवस्था. तिथे त्याच मॉडेलचे तिसरे यंत्र मिळवण्याची खटपट करावी. तिसऱ्यावरही कोसळला तर संशय एका नगावरून संपूर्ण मॉडेलवर सरकतो.

एक साधी गफलत आधीच वगळावी. ‘मार्च-नेटिव्ह’ या पर्यायाने बांधलेला बायनरी जुन्या प्रोसेसरवर नेला, तर त्याला न समजणारी सूचना येताच ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ ही त्रुटी येते. ही हार्डवेअरची खराबी नव्हे. दोन्ही यंत्रांना समजेल अशी सामायिक पातळी देऊन बायनरी पुन्हा बांधावा. ३२ बिटांच्या जुन्या एक्स-८७ कोडमध्ये दशांश उत्तरे शेवटच्या अंकांत वेगळी येणे हेही असेच आहे: तिथे मधली मूल्ये ८० बिटांत राहतात आणि मेमरीत लिहिताना ६४ बिटांत गोल होतात, व हे नेमके कधी घडेल ते ऑप्टिमायझेशनवर अवलंबून असते.

पाचवी पायरी: स्वतःचा कोड प्रामाणिकपणे तपासणे

हार्डवेअर स्वच्छ निघाले की पुढचा संशयित कंपायलर वाटतो, पण त्याआधी आपला कोड येतो. ‘ओ-०’ वर (ऑप्टिमायझेशन बंद) चालते आणि ‘ओ-२’ वर (ऑप्टिमायझेशन चालू) बिघडते, याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे कोडमधले अनिर्धारित वर्तन, म्हणजे भाषेच्या नियमांनी ज्याचा परिणाम ठरवून दिलेला नाही असे काम. चिन्हांकित पूर्णांकाचा ओव्हरफ्लो, आरंभी मूल्य न दिलेला व्हेरिएबल, भिन्न प्रकारच्या पॉइंटरने एकच मेमरी वाचणे, मुक्त केलेली मेमरी वापरणे हे त्याचे नित्याचे प्रकार. प्रोग्रॅम चालताना अशा चुका पकडणाऱ्या ॲड्रेस सॅनिटायझर, अनडिफाइंड बिहेवियर सॅनिटायझर आणि थ्रेड सॅनिटायझर या साधनांसह तीन वेगळ्या बांधण्या करून संपूर्ण चाचणीसंच चालवावा. ॲड्रेस आणि थ्रेड सॅनिटायझर एकत्र चालत नाहीत. व्हॅलग्राइंड हे मेमरीच्या चुका शोधणारे साधन मंद आहे, तरी आरंभमूल्य नसलेली मेमरी पकडण्यात ते फार कामाचे ठरते. ‘नो-स्ट्रिक्ट-अलायझिंग’ किंवा ‘रॅप-व्ही’ दिल्यावर त्रुटी गेली तर दिशा कळते, पण तो उपाय समजून तिथेच थांबू नये.

हार्डवेअरला अगदी चिकटून चालणाऱ्या कोडमध्ये दोन गोष्टी हमखास पाहाव्यात. पहिली, ‘व्होलाटाइल’, म्हणजे हे मूल्य बाहेरून कधीही बदलू शकते ही कंपायलरला दिलेली खूण. एखाद्या उपकरणाच्या स्थिती-रजिस्टरचा बिट बदलण्याची वाट पाहणारा लूप आहे आणि त्या पत्त्याला व्होलाटाइल म्हटलेले नाही, तर कंपायलर ते मूल्य एकदाच वाचतो आणि लूप अनंत काळ फिरत राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला उपकरण मृत झाल्यासारखे वाटते. रिकाम्या लूपने केलेला विलंब तर ऑप्टिमायझर सरळ काढून टाकतो, आणि मग सेन्सर ‘कधीकधी’ चुकीचे वाचन देतो.

दुसरी गोष्ट म्हणजे अलाइनमेंट: मेमरीतला पत्ता ठरावीक संख्येने विभाज्य असणे. हिचे एक उदाहरण बारकाईने पाहू. छोट्या उपकरणांतल्या कॉर्टेक्स-एम-४ प्रोसेसरवर नेटवर्कमधून आलेल्या पाकिटातली दोन लागोपाठची ३२-बिट मूल्ये पॉइंटर कास्ट करून वाचली जात आहेत आणि पत्ता चाराने विभाज्य नाही. ‘ओ-०’ वर कंपायलर मेमरीतून वाचण्याच्या दोन स्वतंत्र ‘एलडीआर’ सूचना देतो. या प्रोसेसरला एकेरी एलडीआरमध्ये अलाइन नसलेला पत्ता चालतो, त्यामुळे सगळे सुरळीत. ‘ओ-२’ वर कंपायलर दोन्ही वाचने मिळून एक ‘एलडीआरडी’ सूचना करतो. तिला असा पत्ता चालत नाही आणि यंत्र हार्डफॉल्टमध्ये जाते. अशा वेळी फॉल्ट स्टेटस रजिस्टर, म्हणजे ‘सीएफएसआर’, आधी वाचावे: त्यातला ‘अनअलाइन्ड’ बिट, म्हणजे शून्यापासून मोजल्यास २४ वा, उंचावलेला असेल तर बोर्ड बदलण्याची गरज नाही. पॉइंटर कास्टच्या जागी ‘मेमकॉपी’ वापरावे. कॉर्टेक्स-एम-० वर तर एकेरी वाचनही अशा पत्त्यावर चालत नाही. एक्स-८६ वर याचेच भावंड म्हणजे ‘मूव्हएपीएस’ ही सूचना, जिला १६ ने विभाज्य पत्ता लागतो.

सहावी पायरी: एका फंक्शनपर्यंत पोहोचणे

सॅनिटायझर गप्प राहिले, तरी हार मानू नये. आता द्विभाजन करावे. निम्म्या फाइली ‘ओ-०’ने, निम्म्या ‘ओ-२’ने बांधून जोडाव्यात, त्रुटी ज्या निम्म्यात सापडेल तो भाग पुन्हा निम्मा करावा. २०० फाइलींचा प्रकल्प आठ टप्प्यांत एका फाइलीवर येतो. प्रत्येक टप्प्यावर पहिल्या पायरीतला फेऱ्यांचा नियम पाळावा, कारण मधल्या एका चुकीच्या ‘गेली’मुळे पुढचे सगळे टप्पे भलत्याच फाइलीकडे नेतात. त्या फाइलीत पुढे फंक्शनागणिक ऑप्टिमायझेशन बंद करता येते: क्लँगमध्ये ‘ऑप्टनन’ हे ॲट्रिब्यूट आहे, जीसीसीमध्ये ‘ऑप्टिमाइझ’. क्लँगच्या मागच्या एलएलव्हीएममध्ये ‘ऑप्ट-बायसेक्ट-लिमिट’ हा पर्यायही आहे. तो ऑप्टिमायझेशनचे टप्पे क्रमांकाने मर्यादित करतो आणि नेमक्या कोणत्या टप्प्याने वर्तन बदलले ते दाखवतो.

एक फंक्शन हाती आले की दोन्ही कंपायलरांची असेंब्ली शेजारी ठेवून वाचावी. दोन्हींपैकी एक सी भाषेच्या नियमांशी विसंगत असेल तर कंपायलरचा दोष सापडला. दोन्ही असेंब्ली बरोबर असतील आणि तरीही एक कोसळत असेल, तर चौथ्या संशयिताकडे वळण्याची वेळ आली.

दोन्ही असेंब्ली बरोबर असतात तेव्हा

ओकॅमल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या बाबतीत हेच घडले. २०१६ मध्ये एका औद्योगिक वापरकर्त्याकडे ओकॅमलचे प्रोग्रॅम अधूनमधून कोसळू लागले. भाषेचे प्रमुख निर्माते झेव्हियर लरॉय यांनी शोध घेतला, तेव्हा चित्र गोंधळात टाकणारे होते: ओकॅमलची रनटाइम प्रणाली जीसीसीने ‘ओ-२’वर बांधली तर क्रॅश, ‘ओ-१’वर बांधली तर नाही, क्लँगने बांधली तरी नाही. कुणीही जीसीसीलाच आरोपी ठरवले असते. पण बायॉसमध्ये हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन कामे एकाच वेळी चालवण्याची सोय) बंद केले की जीसीसीचा ‘ओ-२’ बायनरीही नीट चालत असे, आणि हायपरथ्रेडिंग बंद केल्याने कंपायलरच्या चुका तर दुरुस्त होत नाहीत. २०१७ मध्ये उलगडा झाला. इंटेलच्या स्कायलेक आणि केबी लेक प्रोसेसरांत असा दोष होता की ६४ पेक्षा कमी सूचनांच्या छोट्या लूपमध्ये ‘एएच’सारखे आठ-बिटी रजिस्टर आणि त्याचेच रुंद रूप, म्हणजे ‘आरएएक्स’सारखे, दोन्ही वापरले गेले आणि त्याच कोअरचे दोन्ही लॉजिकल प्रोसेसर काम करत असले, तर वर्तन अनिश्चित होई. जीसीसीने कचरा गोळा करणाऱ्या लूपसाठी नेमका असा कोड तयार केला होता, जो नियमांनुसार पूर्ण बरोबर होता. क्लँगने ती रजिस्टरे वापरली नव्हती, एवढाच फरक. उपाय मायक्रोकोडमध्ये आला.

त्याआधी २०१२ मध्ये ड्रॅगनफ्लाय बीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचे मॅथ्यू डिलन यांनी एएमडीच्या प्रोसेसरांतला असाच दोष चिकाटीने शोधून काढला होता. लागोपाठच्या ‘पॉप’ आणि ‘रिटर्न’ सूचनांच्या विशिष्ट क्रमात स्टॅक पॉइंटर चुकीचा होत असे, आणि कोसळणारा प्रोग्रॅम होता खुद्द जीसीसी.

म्हणून या टप्प्यावर कोणता शोध घ्यावा ते ठरलेले आहे. प्रोसेसर उत्पादकाचे एराटा दस्तऐवज (ज्ञात दोषांची यादी), इंटेल त्याला ‘स्पेसिफिकेशन अपडेट’ म्हणतो, उघडून आपल्या मॉडेल व स्टेपिंगसाठीची यादी वाचावी. मायक्रोकोड आणि बायॉस अद्ययावत करून फेऱ्या मोजाव्यात. मग हायपरथ्रेडिंग बंद करून, आणि टर्बो (आपोआप वेग वाढवणे) बंद करून, दोन स्वतंत्र प्रयोग करावेत. शेवटी ‘टास्कसेट’ने प्रोग्रॅम एकेका कोअरला बांधून प्रत्येक कोअरचा आकडा वेगळा काढावा. हा प्रयोग कंटाळवाणा आहे, पण तो टाळू नये, कारण एखादा नग एकाच कोअरपुरता सदोष असू शकतो. मेटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रकरणात एका सर्व्हरचा ५९ क्रमांकाचा कोअर १.१ च्या ५३ व्या घाताचा पूर्णांक भाग १५६ ऐवजी शून्य देत होता. बाकीचे कोअर बरोबर होते, लॉगमध्ये काहीच नव्हते, आणि परिणाम मात्र फाइली गहाळ होण्यात झाला.

छडा लागल्यावर

कंपायलरचा दोष निघाला तर प्रीप्रोसेस केलेली एक फाइल, पूर्ण आज्ञा आणि आवृत्ती एवढे पुरते. ‘सी-रिड्यूस’ या साधनाने हजारो ओळींची फाइल पंचवीस-तीस ओळींवर आणता येते आणि अशा अहवालाकडे कंपायलरचे लोक लगेच लक्ष देतात. हार्डवेअरचा दोष निघाला तर उत्पादकाला कोडपेक्षा आकडे जास्त उपयोगी पडतात: कोणता कोअर, किती फेऱ्यांत किती चुका, मूळ सेटिंगवर किती, मायक्रोकोड कोणता, आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या नगावर किती. पहिल्या दिवसापासून ठेवलेली नोंदवही इथे जशीच्या तशी जोडता येते.

आणि यंत्र दोषी ठरले असेल तर ते दुरुस्त केल्यावर एक काम उरतेच. ज्या काळात ते बिघडलेले होते, त्या काळात त्यावर बांधलेला प्रत्येक बायनरी, घेतलेला प्रत्येक बॅकअप आणि संकुचित केलेली प्रत्येक फाइल संशयास्पद आहे. बायनरी स्वच्छ यंत्रावर पुन्हा बांधावेत आणि हॅश जुन्यांशी ताडावेत, व्हर्जन कंट्रोलच्या भांडाराची अखंडता ‘गिट एफएससीके’ने तपासावी, बॅकअप एकदा प्रत्यक्ष उलगडून पाहावा, आणि इतरांकडे पोहोचलेले बायनरी कोणत्या तारखांमधले होते ते त्यांना कळवावे.